कानशीची पटाशी: आधी पाणी उतरवा

जुनी कानस ग्राइंडरवर घासली की कातकामाची (लेथवर फिरत्या लाकडाला आकार द्यायची) पटाशी तयार, बाकी काही करायला नको, असं काहीजण सांगतात. धार छान येते, मान्य. पण कानस फार ठिसूळ असते. फिरत्या लाकडात टोक अडकलं तर टूल-रेस्टवरच (हत्यार टेकवायच्या पट्टीवरच) मोडते आणि तुकडा तोंडावर येतो. तिचे दात म्हणजे आयत्या खाचा, तडा तिथूनच जातो. म्हणून दोन्ही बाजूंचे दात घासून सपाट करा आणि पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, थोडं उतरवायला ती ओव्हनमध्ये साधारण २०० ते २२० अंश सेल्सियसला दोनेक तास ठेवा. चकचकीत भागावर गवती पिवळा रंग चढला की बस. पुढे धार लावताना टोक निळं पडलं तर पाणी गेलं समजा. टोक बुडवून थंड करायला शेजारी पाण्याचा डबा हवाच. एवढं करूनही मी तिचा फक्त स्क्रेपर (लाकूड खरवडायचं हत्यार) करीन, गाउज (खोल कापणारी पन्हाळी पटाशी) नाही.

आमच्या बडोद्यात मात्र बहुतेकांना साग कातायचा असतो (जवळच्या संखेड्याच्या कातीव सागवानी फर्निचरचा परिणाम, दुसरं काय!). सागात सिलिका असते, त्यामुळे कार्बन स्टीलची धार बघता बघता जाते. त्यासाठी एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) चौकोनी टूल बिट, म्हणजे धातू कातायच्या लेथचं छोटं पातं, घ्या. मकरपुरा जीआयडीसीकडे (औद्योगिक वसाहतीत) लेथवाल्यांकडे वापरलेले बिट विचारून बघा. ग्राइंडरवर निळा पडला तरी त्याचा कडकपणा जात नाही, पाणी देण्याची (पुन्हा कडक करण्याची) भानगडच नाही. माइल्ड स्टीलच्या जाड सळईच्या टोकाला भोक पाडून त्यात बसवायचा, आडव्या स्क्रूने आवळायचा. मुठीला पितळी पाइपच्या तुकड्याची शेंबी (टोकाचं कडं) ठोका, नाहीतर लाकूड चिरतं.