फ्रान्चेस्का स्कियावोने: एका स्पर्धेपुरतीच मोठी, की आपणच तिच्याकडे नीट बघितलं नाही?

मातीचा_कोर्ट

मी टेनिस बघायला लागले ती अगदी अलीकडे, त्यामुळे जुन्या मॅचेस शोधून शोधून बघतेय. काल 2010 च्या फ्रेंच ओपनची महिलांची फायनल पूर्ण बघितली, इटलीची स्कियावोने विरुद्ध ऑस्ट्रेलियाची समँथा स्टोसर, आणि अजून डोक्यातून जात नाहीये. दुसऱ्या सेटमध्ये स्टोसर 4-1 ने पुढे होती, मला वाटलं आता तिसरा सेट होणार, पण स्कियावोने टायब्रेकपर्यंत (6-6 झाल्यावर सेटचा निकाल लावणारा छोटा गेम) घेऊन गेली आणि तिथे 7-2 ने संपवूनच टाकलं. मग मातीवर आडवी झाली आणि चक्क मातीचा मुका घेतला!!

तर प्रश्न असा की नंतर तिच्याबद्दल वाचायला गेले तर जिथे तिथे "एकच स्लॅम" (म्हणजे चार मोठ्या स्पर्धांपैकी एकच जिंकली), "ड्रॉ सोपा मिळाला" (म्हणजे समोर सोप्या खेळाडू आल्या) असलंच काहीतरी दिसतं. खरंच तसं आहे का? बाकीचं करिअर कसं होतं? ज्यांनी तेव्हा फॉलो केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा ना.

एकहाती

आधी "सोपा ड्रॉ" बद्दल बोलतो, कारण हे ऐकलं की मला खरंच राग येतो. तिसऱ्या राउंडला ली ना, क्वार्टरला वोझ्नियाकी, दोघींना सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. सेमीला डेमेन्टिएव्हा पहिला सेट टायब्रेकमध्ये हरली आणि दुखापतीमुळे तिथेच थांबली, हे मान्य, पण सेट तर हिनेच घेतला होता ना. आणि फायनलला समोर कोण, तर एनाँ, सेरेना आणि यान्कोविच अशा तिघींना ओळीनं हरवून आलेली स्टोसर! सगळे धरून चालले होते की स्टोसरच जिंकणार. स्कियावोनेला 17 वं सीडिंग (मानांकन) होतं आणि तिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

आता ती मॅच पुन्हा बघशील तेव्हा एक गोष्ट बघ. स्टोसरची किक सर्व्ह उसळून खांद्याच्या वर येते, एका हाताने बॅकहँड मारणाऱ्याला तो बॉल म्हणजे शिक्षा असते. मी स्वतः एकहाती खेळतो म्हणून सांगतो, तिथे मनगट जरा जरी ढिलं पडलं की बॉल थेट जाळीत नाहीतर आकाशात. स्कियावोने मात्र कधी स्लाइस करून खाली ठेवतेय, कधी भरपूर टॉपस्पिन देऊन स्टोसरच्या बॅकहँडलाच परत पाठवतेय म्हणजे तिला तिचा तो जबरदस्त फोरहँड मारायलाच मिळू नये, आणि जरा संधी दिसली की धावत नेटवर. टायब्रेकमध्ये तर 2-2 नंतर सलग पाच पॉइंट घेतले. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

बेसलाइन_बाई

एकहातींना पूर्ण अनुमोदन. मला मात्र त्याच्या आधीचं जास्त भिडतं. तिनं पहिली टूर फायनल खेळली 2000 मध्ये ताश्कंदला, हरली. मग पुढची हरली, त्याच्या पुढची हरली, असं करत करत आठ फायनल हरली हो! पहिली ट्रॉफी मिळाली 2007 मध्ये बाड गास्टाइनला, म्हणजे नवव्या फायनलला, तोपर्यंत ती 27 वर्षांची झाली होती. मी तेव्हा स्कोअर बघायचे आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आता हिचं काही खरं नाही. एकूण आठ टायटल्स झाली, शेवटचं 2017 मध्ये बोगोटाला, वयाच्या 36 व्या वर्षी.

शिवाय फेड कप, म्हणजे देशादेशांमधली महिलांची टीम स्पर्धा, विसरू नका, 2006, 2009 आणि 2010, तिन्ही विजेत्या इटालियन टीममध्ये ती होती. चारही स्लॅममध्ये किमान क्वार्टर फायनल खेळलीय आणि जानेवारी 2011 मध्ये रँकिंग 4 पर्यंत गेलं. हे काय एका स्पर्धेचं करिअर आहे?

रात्रजागा

अरे 2011 ची ऑस्ट्रेलियन ओपन कुणीच कशी नाही काढली अजून! चौथ्या राउंडला कुझ्नेत्सोव्हा, 6-4, 1-6, 16-14, चार तास चव्वेचाळीस मिनिटं. स्लॅममधली महिलांची वेळेच्या हिशोबात सगळ्यात लांब मॅच. सहा मॅच पॉइंट वाचवले तिनं, सहा!! तेव्हा तिकडे शेवटच्या सेटला टायब्रेक नसायचा, त्यामुळे संपायचं नावच नाही, दोघी पॉइंट संपला की रॅकेटवर वाकून श्वास घ्यायच्या आणि पुढच्या पॉइंटला परत तशाच धावायच्या. पुढच्या मॅचला वोझ्नियाकीविरुद्ध पहिला सेटही घेतला होता, मग हरली, पण त्या पायांकडून अजून काय मागणार.

मातीचा_कोर्ट

बापरे, आठ फायनल हरल्याचं मला माहीतच नव्हतं. आता त्या मुक्याचा अर्थ वेगळाच लागतोय. पुढच्या वर्षी फ्रेंचला काय झालं?

एकहाती

परत फायनल! गतविजेती म्हणून आली आणि ली नाकडून 6-4, 7-6 हरली. दुसऱ्या सेटला 6-5 ने पुढे होती, ड्यूसला (40-40 असताना) लीचा एक बॅकहँड लाइनमननं बाहेर दिला होता, अंपायरनं खाली उतरून मातीवरची खूण बघितली आणि आत दिला. त्यानंतर स्कियावोनेला एकही पॉइंट मिळाला नाही, टायब्रेक 7-0. खूण कुणाला कशी दिसली यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही, ली त्या दिवशी छानच खेळली, पण मला तो क्षण अजून टोचतो.

बेसलाइन_बाई

आणि तिच्या आधी एकही इटालियन बाई स्लॅमच्या सिंगल्स फायनलपर्यंत पोचली नव्हती हे लक्षात घ्या. नंतर बघा, 2012 ला एर्रानी पॅरिसच्या फायनलला, 2015 ला तर यूएस ओपनची फायनलच पेनेट्टा विरुद्ध विंची, दोघी इटालियनच. सगळं श्रेय हिचं असं मी म्हणणार नाही, त्या पोरी आपापल्या कष्टानं आल्या, पण दार पहिल्यांदा हिनं ढकललं.

2018 मध्ये यूएस ओपनच्या वेळी निवृत्ती जाहीर केली. डिसेंबर 2019 मध्ये तिचा व्हिडिओ आला की हॉजकिन लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) झाला होता, केमो घेतली आणि आता बरी आहे. मी तो व्हिडिओ बघून रडले होते. आधी इतके महिने काही खबर नव्हती आणि मग एकदम तो हसरा चेहरा.

मातीचा_कोर्ट

हे वाचून अंगावर काटा आला. सगळ्यांचे मनापासून आभार. कुझ्नेत्सोव्हाची मॅच पूर्ण कुठे बघायला मिळेल का? रविवार मोकळा ठेवलाय.