सू शी नुसता कवीच होता का अधिकारी म्हणूनही भारी होता?

पेठेतला_वाचक: यूपीएससीची तयारी करतोय, अवांतर वाचताना चीनमधल्या सुंग राजवटीच्या काळातल्या सू शीपाशी अडकलोय. विशीत, १०५७ ला राजधानीतली परीक्षा पास, १०७९ ला कवितांवरून थेट तुरुंग आणि मग हद्दपारी. सगळीकडे कौतुक मात्र कवितांचंच. ऑफिसर म्हणून काही ठोस केलं का त्याने?

पाषाणकर: अरे केलंय की! हांगचौचं पश्चिम सरोवर. पहिल्यांदा तिथे दुय्यम अधिकारी होता तेव्हा तळ्याचा दोन-तीन दशांश भाग पाणवनस्पतींनी भरलेला, आणि १०८९ ला प्रमुख होऊन परत आला तर निम्मं तळं बुजलेलं. भूजल खारट, गावाचं पिण्याचं पाणी या तळ्यातून, म्हणजे तळं गेलं की गाव गेलं. दरबाराकडून रोख काही पुरेशी मिळेना, मग भिक्षू व्हायला जे सरकारी परवाने लागायचे ते विकून पैसे उभे केले. काढलेल्या गाळाचाच तळ्यात जवळजवळ २.८ किमीचा बांध घातला, त्यावरून लोक आजही चालतात. पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, काठाचं पाणी शिंगाड्याच्या लागवडीला दिलं, कारण शिंगाडा लावायचा तर आधी गवत मुळासकट काढावंच लागतं, आणि त्याचा पैसा पुढच्या साफसफाईला. आपल्याकडे पाषाण तलावातली जलपर्णी काढतात आणि ती परत येते, म्हणून हे वाचून फार हळहळ वाटते.

वाडेश्वर_कट्टा: तुरुंगाचं पण नीट समजून घे. तेव्हाचा मुख्य मंत्री वांग आन्शी याच्या सुधारणांनी, शेतकऱ्यांना सरकारी कर्ज वगैरे, खाली लोकांचे हाल होतायत हे त्याने नोकरीत बघितलं आणि कवितेत लिहिलं, तेच पुरावे म्हणून काढले. पुढे या सुधारणांच्या विरोधातला स्समा क्वांगचा गट सत्तेत आला, याला परत बोलावलं, तर सगळ्याच सुधारणा रद्द करू नका, वेठीऐवजी पैसे भरायची सोय चांगली आहे म्हणून स्समा क्वांगशी भांडला! दोन्हीकडून नावडता. १०९७ ला पार हायनान बेटावर धाडला, परतताना ११०१ ला गेला. मला तर हा कणाच त्याच्या कवितांपेक्षा मोठा वाटतो.

पेठेतला_वाचक: खूप आभार दोघांचे. @पाषाणकर, पण शिंगाडेवाले सरकत सरकत आख्खं तळं खाणार नाहीत का?

पाषाणकर: म्हणून तर पाण्यात तीन छोटे दगडी मनोरे उभे केले, त्यांच्या आत लागवड बंद.