नववीतून पोरं गळतात ती मोबाईलमुळे??

फडावरचा: काल इथं एकानं लिहिलं, नववी-दहावीत पोरं शाळा सोडतात कारण रीलची चटक लागलीय आणि आईबापाचा धाक राहिला नाही. डोकंच फिरलं. साहेब, दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यात पाटोदा, शिरूर कासारकडं या. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, अख्खं घर ट्रॅक्टरमधे बसून कारखान्याला जातं ते मार्च-एप्रिललाच परत येतं, आणि पोरगी चौदा-पंधराची झाली की मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून सरळ लग्न लावून टाकतात. यात रील कुठंय?

गुर्जी: मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत की. खरी माती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं केली, आठवीपर्यंत ढकलपास! नववीत पोरगं माझ्याकडं येतं तेव्हा भागाकार येत नाही, पहिल्या चाचणीत गणितात तीन मार्क, दिवाळीनंतर बाक रिकामा.

फडावरचा: वसतिगृह?? आमच्या गावात सुरू झालं डिसेंबरात, ट्रॅक्टर कधीच गेलेले. आणि ढकलपासच्या नावानं बोंबलू नका, आठ वर्षं पोरगं मास्तरांसमोरच बसलं होतं ना!

गुर्जी: बसलं होतं, पण मास्तर कुठं होता? मतदार याद्या, सर्वे, खिचडीचा हिशोब, रोजची ऑनलाईन माहिती... एक दिवस येऊन शिकवून दाखवा मग बोला. आता पाचवी-आठवीला परीक्षा परत लावल्यात, बघू काय दिवे लागतात.

सातवीपास गाव: चालू द्या तुमचं. आमच्याकडं शाळा सातवीपर्यंतच, पुढं एसटीनं जायचं. मुलींना पास फुकट आहे हो, पण गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून जायची आणि पुढची दिवेलागणीला. चुलतबहिणीला फाट्यावर दोन पोरं त्रास द्यायला लागली, घरी कळलं तर शाळा हिचीच बंद. वर्गात पहिली यायची ती.

गुर्जी: ती फाट्यावरची पोरं पण शाळा सोडलेलीच असणार. असो, एसटीचं बरोबर आहे तुमचं, तिथं ढकलपासचं कारण चालत नाही, मान्य.

रीलवाला: मीच तो कालचा. माझा मुलगा दहावीत, घरात सगळं आहे, क्लास लावलाय, तरी जूनपासून शाळेत जात नाही, दार लावून मोबाईल घेऊन बसतो. याला ऊस कारण आहे का एसटी?

फडावरचा: मग तुमच्या घरचं गाऱ्हाणं अख्ख्या जिल्ह्याच्या गळ्यात कशाला मारता?

गुर्जी: हजेरी भरत नसेल तर पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. मुदत आधी बघा, नंतर लेट फी लागते.