आटवताना प्रत्येक गाईच्या चारही सडांत ट्यूब : गरज की सवय?

गोठ्यातला
गाय आटवली, म्हणजे विण्याआधी तिची धार थांबवली, की चारही सडांत अँटिबायोटिकची ट्यूब, डोळे झाकून. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. सरसकट ट्यूबची ही पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या पाचकलमी कासदाह (कासेचा संसर्ग, मस्टायटिस) योजनेतून रुजली. तेव्हा जंतू घेऊनच आटणाऱ्या गाई पुष्कळ असत, म्हणून ते पटण्यासारखं होतं. पण निरोगी कासेतही औषध घालायचं म्हणजे जंतूंना त्याची सवय लावणं. युरोपीय संघात २८ जानेवारी २०२२ पासून असा नेहमीचा सरसकट वापर बंद आहे. माझं मत : तपासून गरज असेल तिलाच ट्यूब, बाकीच्यांना नुसतं सील, म्हणजे सडाची वाट बुजवणारी बिनऔषधी पेस्ट.

सहागाई
साफ नामंजूर. हेच ऐकून मागे तीन गाईंना ट्यूब दिली नाही. एकीचा मागचा सड विल्यावर दगडासारखा झाला, तो कायमचा गेला. नियम करणारे येऊन धार काढणार आहेत का?

गोठ्यातला
वाईट झालं. पण त्या तीन निवडल्या कशावरून?

सहागाई
कासा चांगल्या होत्या, दूध फाटत नव्हतं.

गोठ्यातला
मग ती निवड नव्हे, चिठ्ठ्या टाकणं झालं. लपलेला कासदाह डोळ्यांना दिसतच नाही. आणि सील?

सहागाई
सील नव्हतं लावलं.

सुईवाला
(जनावरांचा डॉक्टर आहे.) गाय आटली की सडाच्या तोंडाशी केराटिनचं, मेणासारखं बूच बसतं. जास्त दुधाच्या गाईंचे बरेच सड मात्र कित्येक आठवडे उघडेच राहतात. बिस्मथचं सील ती वाट बुजवतं. शिवाय ट्यूबचा असर विण्याआधीच्या दिवसांत बहुतेक ओसरलेला असतो, आणि ओल्या शेणात बसलेल्या गाईला धोका नेमका तेव्हाच. सहागाई, तुमचा तो सड ट्यूबनेही वाचला असता याची खात्री मी देणार नाही.

एक मात्र बजावतो. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने, बोळा पांढरा निघेपर्यंत, पुसल्याशिवाय सील आत सोडलंत तर घाणच आत ढकलाल, आणि तिला मारायला औषधही नसेल. अशाने गाई दगावल्यात. पुसताना पलीकडचे सड आधी, सोडताना अलीकडचे आधी. नळी जेमतेम ३-४ मिलिमीटर आत. ट्यूबनंतर कास वर चोळतात, सीलनंतर चोळायची नाही.

पहिलारू
ट्यूब दिलेली गाय दिवसांआधीच व्यायली तर?

सुईवाला
लेबलवरचे दिवस मोजूनच दूध विकायचं. चीकही त्यातच आला. हे फार जण विसरतात.

सहागाई
स्वच्छतेचं मान्य. पण तपासायचं कसं? दर महिन्याला सोमॅटिक सेल (दुधातल्या पेशी, संसर्गात वाढतात त्या) मोजून देणारं माझ्याकडे कुणी नाही. आणि मोजलं तरी आकडा कोणता धरू? कुणी मिलिलिटरला २ लाख म्हणतं. नेदरलँड्समध्ये पहिल्या वेताला दीड लाख, पुढच्या वेतांना ५० हजार धरतात म्हणे. तज्ज्ञांचंच जमत नाही, आणि शहाणपण मला!

गोठ्यातला
मुद्दा खरा आहे, आकड्यावर मीही अडतो. पण सीएमटीची (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टची) थाळी तरी घ्या. दूध आणि द्रावण सारखं घेऊन फिरवायचं, जेलीसारखं घट्ट झालं की तो सड संशयित.

सुईवाला
आटायच्या आदल्या दिवशी थाळीवर भरवसा नको. दूध कमी झालं की पेशी तशाही वाढतात. आधीचे दोन-तीन महिने पाहा, या वेतात कासदाह झाला होता का ते पाहा. झाला असेल तर ट्यूब द्या, खुशाल द्या. जुना संसर्ग या काळात दुभतेपणापेक्षा चांगला बरा होतो. फक्त सेफक्विनोमसारखं सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक सवयीने नको, त्या गटातली औषधं माणसांनाही लागतात.

सहागाई
माझ्या दोन गाई आता आटवायच्या आहेत. एक दोनदा सुजली होती, तिला ट्यूब देणारच, वाद नको.

गोठ्यातला
तिला मीही दिली असती. दुसरीचं बोला.

सहागाई
अजून १८ लिटर देतेय. आधी थाळी, मग खुराक कमी करतो.