उलाढाल पावणेदोन कोटी, पण पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसतात. बाहेरचा अकाउंटंट लावावा का?

शिरोली_सीएनसी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी कापकामाची मशीनं), सात माणसं. कास्टिंग विकत घेतो, मशिनिंग करून पंप आणि व्हॉल्व्हवाल्यांना तयार पार्ट देतो. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेलं काम २०१९ पासून मी बघतो.

उलाढाल वाढली, पण ७ तारखेला पगार करायचे म्हटलं की पोटात गोळा येतो. चुलतभाऊ संध्याकाळी येऊन टॅलीत बिलं टाकतो. सीएंकडे वर्षातून एकदा फाईल जाते. यंदा ३बी (जीएसटीचा रिटर्न) दोनदा उशिरा गेला, १८ टक्क्यांनी व्याज भरलं. एक अकाउंटंट आठवड्यातून दोन दुपारी यायला तयार आहेत, महिना ८,००० म्हणतात. वडील म्हणतात, घरचा मुलगा असताना परक्याला वह्या कशाला दाखवायच्या? ८,००० खर्चून खरंच काही सुधारतं का, की फक्त रिटर्न वेळेवर जातात? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

गोकुळ_शिरगावची_ताई

दादा, आमचंही असंच शॉप आहे, मी आणि मिस्टर मिळून चालवतो. २०२२ मध्ये आम्ही बाहेरच्या बाई लावल्या. तोवर मीच रात्री जेवणं झाल्यावर नोंदी करायचे, म्हणून तुमची अडचण नीट कळते.

पहिल्या महिन्यात त्यांनी रिटर्नला हातच लावला नाही. गिऱ्हाइकांकडून खाताउतारे मागवले आणि आमच्या टॅलीशी ताळा केला. एका गिऱ्हाइकाकडून आम्हाला ६ लाख ४० हजार येणं दिसत होतं, त्यांच्या वहीत ५ लाख १० हजारच. मधले १ लाख ३० हजार म्हणजे रिजेक्शनच्या डेबिट नोटा, नाकारलेल्या मालाचे पैसे वजा केल्याचे गिऱ्हाइकाचे कागद. त्यांनी पेमेंटमधून कापून घेतले होते आणि त्या नोटा आमच्या डिस्पॅचच्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. आम्ही मात्र पूर्ण बिलावर जीएसटी भरून मोकळे. आपण वेळेत क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा आपला कागद) काढली असती तर तो कर कमी झाला असता. त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबरपर्यंत असते, जुन्या वर्षाची ती निघून गेली होती. आता रिजेक्शनचा कागद आला की त्याच आठवड्यात नोंद होते. दुसरं म्हणजे कुठल्या पार्टला किती रिजेक्शन, हे पहिल्यांदा समोर आलं. एका पार्टच्या कास्टिंगमध्येच ब्लो होल (हवेची भोकं) निघत होते, तो तोटा आम्ही उगाच आमच्या अंगावर घेत होतो.

मग खरेदीची बाजू. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी (विक्रेत्यांनी आपल्या नावे दाखवलेल्या बिलांची यादी) येतो, तो बाई बिलागणिक तपासतात. इन्सर्टवाल्याने (मशीनची कापणारी पाती विकणाऱ्याने) आमची चार बिलं त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलीच नव्हती, म्हणजे आम्ही त्याला दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट (आमच्या करातून वजावट) आम्हाला नाही. आता बिल २बीत दिसेपर्यंत कराची रक्कम राखून पेमेंट करतो. सुरुवातीला तो रागावला, आता वेळेवर भरतो.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मशीनच्या तासाच्या दराचा. आम्ही व्हीएमसीचा दर तासाला ३५० रुपये धरून कोटेशन द्यायचो. हप्ता, वीज, ऑपरेटर, टूलिंग, भाडं मिळून महिन्याचा खर्च १ लाख ४० हजार, आणि दोन शिफ्टचे ४०० तास, असा हिशोब. त्यांनी विचारलं, मशीन खरंच ४०० तास कापतं का? महिनाभर ऑपरेटरकडून वहीत लिहून घेतलं. सेटिंग, कास्टिंगची वाट, लाईट जाणं सोडून २९० तास निघाले. म्हणजे खरा दर ४८० च्या वर. सगळ्यात मोठ्या ऑर्डरवर आम्ही दर तासाला १३० रुपये पदरचे घालत होतो. जितकं काम जास्त तितकी ओढाताण जास्त! त्या रात्री मला झोप लागली नाही. एका पार्टचा दर वाढवून मिळाला, दुसरा पार्ट आम्ही सोडला. उलाढाल थोडी कमी झाली, पण तेव्हापासून पगार एकदाही पुढे ढकललेला नाही.

वडिलांना सांगा, परक्या माणसाला विचारायला संकोच नसतो. घर खर्चाचे पैसे चालू खात्यातून किती जातात, हे मला मिस्टरांना कधी विचारता आलं नव्हतं. त्या बाईंनी विचारलं. आता दोघांचा ठरलेला पगार निघतो.

निवृत्त_शाखाधिकारी

ताईंनी लिहिलंय त्यात बँकेची बाजू जोडतो. कॅश क्रेडिट (माल आणि येण्यांवर बँकेची उचल) असेल तर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट कोण करतं ते बघा. बहुतेक बँका ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे त्या महिन्यात उचलता येणाऱ्या रकमेत, धरत नाहीत. येण्यांची वयवार यादी नसेल, तर लिमिट असूनही ऐन वेळी पैसे उचलता येत नाहीत.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली असेल तर नंबर प्रत्येक बिलावर छापा. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापेक्षा उशीर केला तर १ एप्रिल २०२४ पासून खरेदीदाराला तो खर्च पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. हे मार्चच्या पहिल्या आठवड्यात नम्रपणे पत्राने कळवा. गिऱ्हाईक दुखावत नाही, त्यांचा अकाउंट विभागच घाई करतो.

जमाखर्च_सांगली

मी स्वतः पाच कारखान्यांचं असं काम करते. दादा, माणूस लावा, पण जीएसटी पोर्टलचा ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येऊ दे, नेट बँकिंगचा पासवर्ड देऊ नका, सह्या केलेले कोरे चेक कुणाकडे ठेवू नका, आणि टॅलीचा बॅकअप दर शनिवारी तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या. चांगला अकाउंटंट यावर रागावत नाही.

भावाला काढू नका. बिलं तोच टाकू दे, तपासणी बाहेरच्याने करावी. आणि दर महिन्याला एक तास समोरासमोर बसायचं, हे ८,००० ठरवतानाच बोलून घ्या. नुसते रिटर्न भरणारे पुष्कळ मिळतात.

शिरोली_सीएनसी

ताई, तुमचं वाचून काल रात्री डिस्पॅचचं कपाट उघडलं. एप्रिलपासूनच्या अकरा डेबिट नोटा सापडल्या, ८७,००० च्या. एकाचीही नोंद नाही. वडील शेजारी उभे होते, त्यांनी त्या स्वतः तारखेनुसार लावल्या. अकाउंटंटना बुधवारी बोलावलंय, त्यांना पहिलं काम हेच देतो. मशीनच्या तासांची वही आज सकाळपासून सुरू केली. ऑपरेटरकडून लिहून घ्यायला तुम्ही रकाने कसे आखले होते, त्याचा एक फोटो टाकाल का?