जानेवारीत दिल्ली: एक जाडजूड जॅकेट की कपड्यांचे थर?

कोथरूडकर: संक्रांतीच्या सुमारास आई-बाबांना घेऊन दिल्लीला निघालोय. माझं मत: थर्मल, त्यावर फुल शर्ट, पातळ लोकरी स्वेटर आणि वर वारा अडवणारं हलकं जर्किन. बास. जानेवारीत तिथे किमान ७-८, कमाल २० च्या आसपास. दुपारी लाल किल्ल्यात ऊन खात फिरताना ते बोजड जॅकेट हातावर टाकून कोण हिंडणार? बायको म्हणते, जाड जॅकेटशिवाय निघायचंच नाही. बोला.

करोलबागवासी: २० ही सरासरी झाली हो. धुकं बसलं की सूर्याचं दर्शन नाही, भरदुपारीही पारा १४-१५ ला अडकतो. आणि इथला गारठा बाहेर कमी, घरात जास्त. भिंती गार, फरशी गार, बहुतेक घरांत हीटर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली लाल कांडी. हॉटेलच्या खोलीतही कानटोपी घालून बसाल. वहिनींचं ऐका.

संत्रानगरी: असहमत! आमच्या नागपुरातही पारा दहाच्या खाली जातो, थंडी काय ते आम्हाला शिकवू नका. जाड जॅकेट काढलं की खाली एकदम शर्ट, मधलं काही नाहीच. राजीव चौकला मेट्रो बदलताना गर्दीत घाम फुटतो आणि बाहेर आलं की तोच घाम अंगावर गार पडतो.

करोलबागवासी: जॅकेटला चेन असते, उघडता येते.

ठाणेकरीण: दोघंही उगाच भांडताय. काही नेऊच नका. जनपथला, नाहीतर काश्मिरी गेटजवळच्या मॉनेस्ट्री मार्केटला तिथेच घ्या. ठाण्यात ते जॅकेट पुढे कपाटात बुरशी धरत बसतं.

कोथरूडकर: आणि विमानतळावरून बाजारापर्यंत आई-बाबांनी कुडकुडत जायचं?

ठाणेकरीण: तेवढ्यापुरती शाल असते की!

पायी_भटक्या: जॅकेटवर एवढी चर्चा, पायांचं काय? बंगला साहिब गुरुद्वारा, निजामुद्दीन दर्गा, लोटस टेंपल, सगळीकडे पादत्राणं काढायची. बंगला साहिबला तर दारातच पाय बुडतील अशा पाण्यातून जावं लागतं, मोजे काढूनच. पुढे संगमरवर. सकाळी गेलात तर कळ डोक्यात जाते. ज्येष्ठांना लेसचे बूट अजिबात नकोत, झटकन निघणारे हवेत. छोटा पंचा आणि मोज्यांचा कोरडा जोड हाताशी ठेवा. डोकंही झाकावं लागतं, मफलर तिथे कामी येतो.

कोथरूडकर: हे पटलं. आई-बाबांना जाड जॅकेट घेतो, त्यांना दिवसभर चढवणं-उतरवणं झेपणार नाही. मी मात्र थरांवरच.

करोलबागवासी: पहाटेच्या धुक्यात इंडिया गेटचा फोटो काढायला निघालात की त्या हलक्या जर्किनचं काय होतं, ते इथेच कळवा.

संत्रानगरी: काही होत नाही. आत दोन थर्मल घाला आणि जा.