लॉन मोवरमध्ये अडकलेलं गवत काढताना
दादा, तुम्ही विचारलंय की गवत कापायच्या मशीनचं, म्हणजे लॉन मोवरचं, पेट्रोलचं इंजिन बंद केलं की पात्याला अडकलेलं गवत हातानं काढलं तर चालतं का. नुसतं बंद करून भागत नाही. पातं हातानं फिरलं तरी पिस्टन हलतो आणि इंजिन झटका देऊ शकतं. आधी स्पार्क प्लगची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागाची, वायरीची टोपी काढून बाजूला करा, मग गवत काडीनंच काढा. मशीन कलवताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल त्यात उतरतं.

आमच्या परभणीत अंगणात हराळी आहे. पावसानंतर काळ्या मातीसकट तिचा लगदा पात्याच्या झाकणाखाली असा थापला जातो की खुरप्यानं खरवडावा लागतो. म्हणून गवत सुकेपर्यंत मी थांबतो. आधी एक फेरी खडे, तारा, ठिबकच्या नळीचे तुकडे वेचायला. मागच्या वर्षी मुरमाचा एक खडा उडून ओसरीच्या पत्र्याला पोचा पडला. धाकटी तिथंच खेळते. आता मशीन चालू असेपर्यंत पोरं घरात.

आणि हँडलवरचा दांडा दोरीनं बांधून ठेवू नका, हात जोडून सांगतो. हात सुटला की पातं थांबवणारा तोच आहे. पायात बूट हवेतच. उतारावर आडवं चालवा, वरखाली नको.